कोर्स लावायच्या आधी गिऱ्हाईक मोजा

आठवड्यातनं दोन-तीन तरी फोन येतात मला, कुणाच्या आत्याकडनं नाहीतर बचत गटातल्या ताईकडनं नंबर घेतलेला असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई कुठला कोर्स लावू? प्रत्येकीला तासभर सांगत बसते आणि तेवढ्या वेळात एक ब्लाउज राहतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

मी सातारा जिल्ह्यातली, कोरेगाव तालुक्यातली. दहावी झाल्यावर शाळा बंद, १९ व्या वर्षी लग्न, २३ व्या वर्षी पोरगी कडेवर घेऊन माहेरी परत. आज घरातल्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन आणि एक इंटरलॉक (कापडाच्या कडा बांधायचं मशीन) आहे, पोरगी तिसरीला आहे आणि वडलांच्या औषधाचे पैसे मी देते. फार मोठं काही नाही. पण इथवर यायला जी वर्षं गेली त्यातली दोन निव्वळ चुकीच्या क्लासात आणि कागदांच्या मागे गेली, तेवढी तुमची वाचली तरी पुष्कळ.

१. आधी वही घेऊन गावात फिरा

मी सगळ्यात आधी पार्लरचा क्लास लावला होता. का, तर चुलतबहिणीने लावला होता. फी ८ हजार, आईने शेळी विकून दिली. तीन महिने आयब्रो, फेशियल, वॅक्स शिकले, लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट मिळालं आणि गावात येऊन बघते तर आमच्या आणि शेजारच्या गावात मिळून आधीच चार पार्लर, त्यातल्या दोघी लग्नसराई सोडली तर रिकाम्या. हे क्लास लावायच्या आधी मोजता आलं असतं, एक दुपार लागली असती फक्त.

शिलाईचं कसं सुचलं ते सांगते. संक्रांतीच्या आधी बाजाराच्या दिवशी एसटीने कोरेगावला चालले होते, गाडीत अकरा बायकांच्या मांडीवर साडीच्या पिशव्या. विचारलं तर म्हणाल्या, फॉल-पिकोला टाकायच्यात. म्हणजे एक फेरी टाकायला, एक आणायला, आणि त्यात टेलर म्हणणार उद्या या. तिकीट अर्धं असलं तरी दिवस तर पूर्ण जातो ना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे काम माझ्या ओट्यावर होऊ शकतं.

तर तुम्ही असंच करा. आठ दिवस वहीत लिहा, की तुमच्या गावातल्या बायका कशासाठी बाहेर पैसे देतात, किती देतात, आणि त्या कामाला किती चकरा मारतात. ते काम करणारी गावात आधीच कुणी आहे का, तिच्याकडे रांग लागते का ती माशा मारत बसते, हेही लिहा. लाजायचं नाही, ब्लाउजची शिलाई किती देता हे विचारलं म्हणून कुणी मारत नाही.

यातच दुसरी गोष्ट ठरवून टाका, घरी बसून काम करणार का बाहेर नोकरीला जाणार. दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत. लेकरू लहान आहे, घरात म्हातारं माणूस आहे, तर शिलाई, फॉल-पिको, पापड-मसाले, शेळीपालन असलं काहीतरी. बाहेर जाता येत असेल तर आयटीआय नाहीतर दवाखान्याचं काम. माझी मावसबहीण तासगावची, तिने रुग्णसेवेचा म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला आणि मिरजेत कामाला लागली. मिरजेला दवाखाने इतके आहेत की काम मिळतंच, पण नाइट ड्युटी किती आणि रात्री राहायची-परतायची सोय काय हे आधीच विचारून घ्या.

आणि एक धोका इथेच सांगते. "सहा महिन्यात नर्स व्हा" असे बोर्ड दिसतील. नर्स म्हणजे एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, आणि त्या कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते. सहा महिन्यात तुम्ही मदतनीस होता. त्यात कमीपणा काही नाही, पण नर्सच्या फीमध्ये मदतनीस होऊ नका.

२. कागद (इथेच सगळ्या अडकतात)

यादी आधी देते, मग रडगाणं.

– आधार कार्ड, मोबाईल नंबर लिंक असलेलं, आणि तो नंबर तुमच्याच हातातल्या फोनमध्ये असलेला
– पॅन कार्ड
– रेशन कार्ड, ज्यात तुमचं नाव आहे असं
– शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटच्या वर्गाचं मार्कशीट
– तुमच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
– उत्पन्नाचा दाखला
– जातीचा दाखला, असेल तर
– लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकुमाची प्रत
– आठ-दहा पासपोर्ट फोटो

सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. ओरिजिनल कुणालाही ठेवायला द्यायचे नाहीत, क्लासवाल्याला तर अजिबात नाही.

आता नावाचा घोळ. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं आणि रेशन कार्डवर मी वडलांच्या कार्डातनं कमी केलेली आणि सासरच्या कार्डात कधी चढवलेलीच नाही. म्हणजे सरकारच्या हिशोबाने मी तीन वेगळ्या बायका, आणि रेशनच्या हिशोबाने तर मी नव्हतेच. पहिल्या ठिकाणी फॉर्म भरायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सगळे कागद पत्त्यासारखे पसरले आणि म्हणाला, यातली तुम्ही कोण? मागे रांगेत लोक हसले. मी घरी येऊन दोन दिवस बोललेच नाही कुणाशी.

तर करायचं काय. लग्न झालंय आणि सासरचंच नाव ठेवायचंय तर ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून दाखला घ्या, तो दाखवून बाकीचे कागद एका नावाचे होतात. माझ्यासारखी माहेरी आलेली असाल तर घाई करू नका, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. एकदा रागात आणि एकदा समजूत पटल्यावर असं दोन्ही संपवून बसलेली बाई मी बघितलीय. केस कोर्टात चालू असेल तर निकाल लागेपर्यंत आधारवर जे नाव आहे तेच सगळीकडे चालवा, आणि शाळेचा दाखला नि आधार यांची सांगड घालायला विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मी शेवटी तेच केलं.

स्पेलिंगसुद्धा बघा. इंग्रजीत एक अक्षर कमीजास्त असलं तरी ऑनलाइन फॉर्म अडतो. आणि सही कायम एकच ठेवा, बँकेत एक आणि फॉर्मवर दुसरी असं नको. आमच्याच जिल्ह्यातली म्हसवडची माणदेशी बँक माहीत असेल, चेतना सिन्हांनी बायकांसाठी काढलेली. पहिल्यांदा लायसन्सचा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण सभासद बायका अंगठे उठवणाऱ्या. त्या बायका लिहाय-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि १९९७ ला बँक उभी राहिली. तेव्हा सही येत नसेल तर लाजू नका, पण शिकून घ्या, पंधरा दिवसाचं काम आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो (आता नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण सगळे तलाठी भाऊसाहेबच म्हणतात), मग सेतू केंद्रात अर्ज. पावती घ्याच, तिच्यावर नंबर असतो. पंधरा दिवस धरून चाला. ऐन जूनमध्ये गेलात तर अॅडमिशनची गर्दी असते, म्हणून एप्रिलमध्येच काढून ठेवा.

बँक खात्याचं एक सांगते जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात पडतात ते वेगळं. तुमची चार खाती असली तरी सरकारी पैसे आधारवर येतात आणि आधार डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला) ज्या एका खात्याला जोडलंय तिथेच जातात. आमच्या गटातल्या एकीला ट्रेनिंगचे पैसे आलेच नाहीत म्हणून ती भांडायला निघाली होती, नंतर कळलं ते पोस्टाच्या जुन्या खात्यात पडलेत, ज्याचं कार्ड तिच्या दिराकडे. त्यामुळे लाडक्या बहिणीचे १५०० कुठे येतात ते आठवा, बाकीचंही तिथेच येणार. ते खातं दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर आधी ते सोडवा, बँकेत जाऊन डीबीटीसाठी हे खातं लावा म्हणून फॉर्म द्या.

३. शिकायचं कुठे

सगळ्या योजना मोजत बसत नाही, मला ज्या कामाच्या वाटल्या तेवढ्याच.

आरसेटी. पूर्ण नाव ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात असते, ती बँक चालवते, साताऱ्यात महाराष्ट्र बँकेची आणि सांगलीत बँक ऑफ इंडियाची. मूळ कल्पना कर्नाटकातल्या धर्मस्थळाजवळच्या उजिरेची, १९८२ सालची. राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. वय १८ पूर्ण पाहिजे, ४५ पर्यंतच्या बायका माझ्या बॅचला होत्या. गरीब घरातल्या, बचत गटातल्या किंवा रोजगार हमीवर गेलेल्या मुलींना आधी घेतात. शिलाईची बॅच साधारण महिन्याभराची. महिन्यात काय येणार असं मलाही वाटलं होतं, पण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच रोज मशीनवर आणि बाहेरच्या क्लासात दिवसाला एक तास, त्यातही मशीन मोकळं असलं तर. हिशोब तुम्हीच करा. शिवाय नंतर दोन वर्षं त्यांचे लोक फोन करून विचारतात, काम चालू आहे का, कर्जाचं काय झालं. मला त्या फोनचा आधी वैताग यायचा, पण कर्जाच्या वेळी त्याच साहेबांनी माझ्यासाठी बँकेत शब्द टाकला.

आयटीआय. नोकरीला जायचंय त्यांच्यासाठी हाच सरळ रस्ता. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज निघतात, मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. दहावी नापास असाल तरी काही ट्रेड मिळतात, शिलाईचा सुईंग टेक्नॉलॉजी त्यातलाच. पण मुलींनी फक्त शिलाई आणि कॉम्प्युटरच बघायचं असं कुठे लिहिलेलं नाही. इलेक्ट्रिशियनला मुली कमी असतात, म्हणून तर जागा मिळते. गाव मात्र बोलणार. बोलू दे.

दीनदयाळ उपाध्याय कौशल्य योजना. १५ ते ३५ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना, बायकांना अजून वरच्या वयापर्यंत सवलत आहे. फुकट शिकवून कंपनीत लावतात. जायच्या आधी नोकरी कुठल्या गावात, पगारातनं खोलीचे नि जेवणाचे किती कापणार हे लिहून घ्या. पुण्याच्या पगाराचा आकडा ऐकून गेलेल्या दोघी महिन्याभरात परत आल्या, खोलीभाडं जाऊन हातात काहीच राहत नव्हतं.

उमेदचा, म्हणजे सरकारच्या ग्रामीण अभियानातला बचत गट. हा कोर्स नाही पण मी म्हणेन आधी गटात नाव घाला. या सगळ्या बॅचची माहिती सगळ्यात आधी गटाच्या सीआरपी ताईला, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या ताईला येते. ती गावातलीच असते, तिला चहाला बोलवा.

माण-खटावकडच्या असाल तर म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची बायकांसाठीची उद्योजक शाळा आहे, धंद्याचा हिशोब, मार्केटिंग असलं शिकवतात, बसमधून फिरती शाळासुद्धा काढली त्यांनी.

खाजगी क्लास वाईटच असतात असं नाही. पण फी भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा. सर्टिफिकेट कुणाचं मिळणार, क्लासचं स्वतःचं का सरकारमान्य? एका मशीनवर किती मुली? मागच्या वर्षी शिकलेल्या दोघींचे फोन नंबर देता का? तिसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करेल तिथून उठायचं. माझं ८ हजाराचं सर्टिफिकेट बँकेत दाखवलं तेव्हा साहेबांनी ते उलटं करून बघितलं, मागे काही आहे का म्हणून.

४. घरच्यांचं काय

आरसेटीत राहून शिकायचं म्हणजे महिनाभर घराबाहेर, आणि इथे निम्म्या मुली गळतात. वडील म्हणाले, पोरगी कोण बघणार, म्हशीची धार कोण काढणार. मी भांडले नाही. शेजारच्या वैनींना विचारलं, महिनाभर धार काढा, एक वेळचं दूध तुम्हाला. पोरगीला आईजवळ ठेवलं, रविवारी भेटायला यायचे. आणि आईला एकदा तिथे घेऊन गेले, झोपायची खोली, बाथरूमची कडी, मॅडम कोण आहेत, सगळं दाखवलं. कडी बघितल्यावर आई गप्प झाली. सासू असेल तर सासूला न्या, नवऱ्याला नंतर.

साताऱ्याला रोज जाऊन-येऊन करता येण्यासारखं असेल तर तसं विचारून बघा, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, त्यामुळे परवडतं. पण संध्याकाळची गाडी चुकली की घरी जी बोलणी बसतात त्याने पंधरवड्यात माणूस कंटाळतं. जमत असेल तर राहाच.

बॅचची वेळ बघून घ्या. तासगाव-कवठेमहांकाळकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचं काम असतं, आमच्याकडे ऊस. तेव्हा रोजगार सोडून कुणी सोडत नाही पोरींना. पावसाळ्यातली बॅच मागा.

५. शिकताना

पहिल्या आठवड्यात फक्त सरळ टीप. कागदावर, दोरा न घालता. कंटाळा येतो, मला वाटलं हे काय लहान पोरांसारखं, पण ज्या मुली हे टाळायच्या त्यांची टीप महिन्याच्या शेवटीही वाकडीच होती. मग वर्तमानपत्रावर ब्लाउजचं कटिंग. रोज संध्याकाळी मी दोन पेपर कापायचे, वॉचमन काका रद्दी ठेवायचे माझ्यासाठी.

या चुका सगळ्यांच्या होतात, लिहून ठेवा:

अस्तर न भिजवता कापणं. पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं, आणि ब्लाउजला सुरकुत्या. आदल्या रात्री भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कात्री लावा.

माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, कमी सोडणं. कापड वाचवायला जाऊ नका, बाजूला दीड-दोन इंच आत ठेवा. आपल्या बायका दिवाळीनंतर जाड होतात आणि उसवून द्या म्हणून येतात, माया नसेल तर उसवणार काय?

दोन्ही पुढचे भाग एकाच बाजूचे कापणं. हे माझ्या हातनं झालं, तेही ट्रेनिंग संपल्यावर, पहिल्याच मोठ्या ऑर्डरला. शेजारच्या गल्लीतल्या काकूंच्या सुनेची पैठणी, ब्लाउजपीस साडीतलाच, काठ एकाच बाजूला. घाईत कापड दुमडलं नाही, एक भाग कापला, तसाच वर ठेवून दुसरा कापला. जुळवायला घेतले तर दोन्ही डावे. मी तशीच जमिनीवर बसून राहिले, मशीनचा दिवा चालू. कापड परत मिळणार नव्हतं. शेवटी साताऱ्याला जाऊन जुळता रंग आणला, उजवा भाग त्याचा केला, जोड लपवायला काठाची पट्टी फिरवली आणि काकूंना खरं सांगून टाकलं, शिलाई घेतली नाही. सून म्हणाली डिझाइन छान आहे. काकूंना सगळं कळलं होतं, पण पुढच्या महिन्यात दोन ब्लाउज टाकून गेल्या. तेव्हापासून कापायच्या आधी खडूने "डा" आणि "उ" लिहिते, आजही.

मशीन स्वतः उघडायला शिका. शटल काढणं, बॉबिन केसमधला दोरा साफ करणं, तेल कुठल्या भोकात घालायचं, टाके उडतात तेव्हा सुई बदलायची का दोऱ्याचा ताण. मेकॅनिक गावात यायला चार दिवस लावतो, आणि ते चार दिवस नेमके लग्नाच्या तारखेच्या आधीचे असतात.

६. मशीन

फुकट मशीनची वाट बघू नका. व्हॉट्सअॅपवर "सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन, आजच फॉर्म भरा" असं येतं, खाली लिंक, लिंक उघडली की आधार नंबर, मग ओटीपी, मग २०० रुपये नोंदणी फी. ओटीपी दिला की खातं रिकामं. आमच्या वाडीतल्या एका आज्जीचे पेन्शनचे पैसे असेच गेले.

खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, १८ कामं आहेत त्यात दर्जी म्हणजे आपला टेलर आहे. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, रोजचे ५०० रुपये, आणि अवजारांसाठी १५ हजाराचं व्हाउचर, रोख नाही. मग ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत कर्ज. नोंदणी सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या केंद्रात अंगठा लावून, मग ग्रामपंचायतीची पडताळणी. घरातल्या एकाचंच होतं, म्हणजे नवऱ्याने दुसऱ्या कामासाठी भरलं असेल तर तुमचं होणार नाही, आधी विचारून घ्या. आणि ही आधीपासून हातकाम करणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा काम सुरू करा आणि मग अर्ज करा. मंजुरीला किती दिवस लागतील याच्या भरवशावर बसू नका, आज कोर्स संपला की उद्या मशीन पाहिजे, नाहीतर हाताचा सराव जातो.

मी पहिलं मशीन सेकंडहँड घेतलं, ४५०० ला, पायाचं, काळं, गटातनं कर्ज काढून. लाइट गेली तरी चालतं, आणि आमच्याकडे लाइट जातेच. मोटर नंतर बसवली. इंटरलॉक लाडक्या बहिणीचे पैसे साठवून. पिकोचं मशीन वेगळं येतं, ते पहिल्या वर्षी घेऊ नका, फॉल हाताने लावा, पिको बाहेरून करून आणा, रोज पाच-सहा साड्या यायला लागल्या की मग घ्या. जुनं मशीन घेताना आपलं कापड घेऊन जायचं आणि तिथेच जाड-पातळ दोन्हीवर टीप मारून बघायची.

बाकी सामान: चांगली कात्री (आणि ती घरात कागद कापायला कुणाला द्यायची नाही, यावरून माझं नि भावाचं भांडण झालंय), टेप, खडू, सुया, हुक, इस्त्री, उभं राहून कापता येईल असं टेबल. खाली बसून कापाल तर वर्षाभरात कंबर जाईल.

७. कर्ज

आधी गटाचं अंतर्गत कर्ज, मग बँकेचं. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशु म्हणजे सगळ्यात छोट्या गटात ५० हजारापर्यंत मिळतं, तारण लागत नाही. बँकेत "कर्ज पाहिजे" असं बोलू नका, आरसेटीचं सर्टिफिकेट, दुकानातनं आणलेलं मशीनचं कोटेशन आणि मागच्या तीन महिन्यांची कामाची वही घेऊन जा. वही बघून साहेबाचा आवाज बदलतो, हे मी स्वतः बघितलंय. उद्या या, परवा या असं चाललं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

मोठं काही करायचं असेल, चार मशीन टाकून मुली कामाला ठेवायच्या असतील, तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी, म्हणजे धंद्याच्या कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना, विचारा. गावातल्या बाईला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के. पहिल्याच वर्षी मात्र नको.

दारात येणाऱ्या आठवडी हप्त्याच्या कंपन्यांपासून जपा. दहा बायकांना एकत्र बसवतात, आधार घेतात, चार दिवसांत पैसे हातात. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर, आणि एकीने हप्ता चुकवला की बाकी नऊजणी तिच्या दारात. शिलाईचा पैसा आठवड्याला सारखा येत नाही, पितृपक्षात तर येतच नाही, आणि हप्ता मात्र येतो.

८. दर, उधारी

पहिल्या महिन्यात मी साध्या ब्लाउजचे ८० घ्यायचे, तालुक्याला १५० होते तेव्हा. वाटलं स्वस्त दिलं की येतील. आल्या, पण वर्षभराने वाढवायला गेले तेव्हा तोंडं वाकडी झाली. म्हणून तालुक्याच्या दरापेक्षा दहा-वीस कमी, त्याखाली नाही, त्यांचं एसटीचं तिकीट नि दिवस वाचतोय. अस्तरच्या ब्लाउजला माझा हिशोब असा, ३०० घेतले त्यात अस्तर ७०, दोरा-हुक-कॅनव्हास २०, म्हणजे २१० राहिले, आणि वेळ साडेतीन तास. असं सगळ्या कामांचं वहीत लिहिल्यावरच मला कळलं की साध्या ब्लाउजपेक्षा फॉल लावण्यात तासाला जास्त सुटतात.

उधारीला नाही म्हणणं अवघड आहे, सगळी नात्यातलीच. मी एक केलं, अस्तर-हुकाचे पैसे आधी घेते, ते माझ्या खिशातनं घालत नाही. शिलाई राहिली तर राहिली. आणि क्यूआर कोड लावलाय, कारण सुट्टे नाहीत हे कारण मग चालत नाही. तो कोड तुमच्या खात्याचा आहे ना, भावाच्या नाही ना, ते बघा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या, सरकारी साइटवर फुकट होते, आधार नि पॅन लागतं. त्याचे पैसे मागणाऱ्या दिसायला सरकारी वाटणाऱ्या साइट आहेत, तिथे भरू नका.

मापाचा ब्लाउज आला की त्याला नावाची चिठ्ठी टाचा, लगेच, नंतर नाही. आणि लग्नसराईत, दिवाळीत ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख पाटीवर लिहून बाहेर लावा. माझी यंदाची दिवाळीची पाटी घटस्थापनेलाच लागली होती, तरी धनत्रयोदशीला रात्री नऊ वाजता आत्या ब्लाउजपीस घेऊन आलीच, आणि तो मी शिवला, कारण शेळी विकली तेव्हा कमी पडलेले हजार रुपये तिने घातले होते.